आवाज वाढवला, तरी समजत का नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या ज्येष्ठांच्या मंडळात साधारण साठ सभासद आहेत. त्यांपैकी पंधराजणांनी ऐकू येत नाही म्हणून व्याख्यानांना येणे हळूहळू बंद केले. त्यांच्यातल्या काहींकडे श्रवणयंत्रे आहेत, पण ती बहुतेक वेळा खिशात किंवा कपाटात असतात. मंडळाने वर्गणी काढून मोठा लाउडस्पीकर आणला, तर तक्रारी कमी होण्याऐवजी वाढल्या. शिवाय नुकतेच सभासद झालेले एक जोडपे जन्मापासून कर्णबधिर असून खुणांच्या भाषेत बोलते. या सर्वांसाठी मंडळाने काय करावे, कोणत्या सेवा उभ्या कराव्यात आणि सुरुवात कोठून करावी, हे आपण विचारले आहे.

मी गेली सव्वीस वर्षे श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. तपासणी कोठे करावी आणि यंत्र कोणते घ्यावे, हे प्रश्न मला रोज विचारले जातात. ऐकू न येणारा माणूस ज्या खोलीत आणि ज्या माणसांत बसतो, त्यांच्याविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. आपण ते विचारले आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

प्रथम पंधरा या आकड्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या लोकांत चौथ्या हिश्शाहून अधिक जणांना दैनंदिन व्यवहारात अडचण येईल इतके कमी ऐकू येते. साठात पंधरा म्हणजे नेमका चौथा हिस्सा. तेव्हा आपले मंडळ काही अपवादात्मक नाही, आणि जे अजून येत आहेत त्यांच्यातही न समजता मान डोलावणारे चार-पाच जण असणार, हे धरून चालावे. याच संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे आणि त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांना उपचारांची किंवा पुनर्वसनाची गरज आहे. ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होऊ शकतो, त्यांपैकी प्रत्यक्षात ते वापरणारे लोक केवळ १७ टक्के आहेत.

आता लाउडस्पीकरविषयी. वयोमानाने येणाऱ्या श्रवणदोषात सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी जातात ते उच्च कंपनसंख्येचे, म्हणजे बारीक आणि तीक्ष्ण आवाज. बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो आणि स्वर खालच्या पट्टीत असतात. शब्दाची ओळख पटते ती मात्र बरीचशी स, श, फ, ख, थ यांसारख्या व्यंजनांनी, आणि त्यांतल्या स, श, फ यांसारख्यांची ऊर्जा वरच्या पट्टीत आणि मुळातच थोडी असते. त्यामुळे माणसाला बोलणे ऐकू येते, पण समजत नाही. ‘साठ’ म्हटलेले त्याला ‘आठ’ वाटते. वक्ता साठ रुपये म्हणाला की आठ रुपये, हे त्याला मागच्यापुढच्या वाक्यावरून ताडावे लागते आणि ते ताडेपर्यंत पुढची दोन वाक्ये निघून जातात. अशा वेळी लाउडस्पीकरचा आवाज वाढवला, की आधीच ऐकू येणारे स्वर आणखी मोठे होतात आणि हरवलेली व्यंजने त्यांच्याखाली दबतात.

यात आणखी एक अडचण असते. आतल्या कानातील पेशी झिजल्या की बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज निरोगी कानाला वाटतो तितकाच, कधी त्याहून अधिक बोचतो. ऐकू येण्याची पातळी आणि सहन न होण्याची पातळी यांच्यातले अंतर अरुंद होते. म्हणून घरी असा संवाद घडतो: ‘काय म्हणालास? जरा मोठ्याने बोल,’ आणि मुलाने आवाज चढवला की लगेच, ‘ओरडतोस कशाला?’ घरच्यांना हा विक्षिप्तपणा वाटतो, पण ते कानाच्या आजाराचे अगदी सरळ लक्षण आहे. तिसरी गोष्ट म्हणजे प्रतिध्वनी. उघड्या भिंती, फरशी आणि उंच छत असलेल्या दालनात प्रत्येक अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. मोठा लाउडस्पीकर त्या शेपट्याही मोठ्या करतो. आपल्या सभासदांच्या तक्रारी वाढल्या त्या या तीन कारणांनी. मंडळाचे पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही, पण ते चुकीच्या टोकाला खर्च झाले.

योग्य टोक वक्त्याच्या तोंडापाशी आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) खाली येतो. वक्त्यापासून चार मीटरवर ठेवलेला मायक्रोफोन पंधरा सेंटीमीटरवर आणला, तर त्याच्यापर्यंत पोहोचणारे बोलणे सुमारे २८ डेसिबलने वाढते. खोलीतला पंख्याचा, खुर्च्यांचा आणि कुजबुजीचा आवाज मात्र तेवढाच राहतो. कमी ऐकणाऱ्या माणसाला हवी असते ती हीच गोष्ट: बोलणे आणि गोंगाट यांच्यातली तफावत. शाळेच्या वर्गांसाठी तज्ज्ञ साधारण १५ डेसिबलची तफावत सुचवतात. निरोगी कानाचा माणूस याहून फारच कमी तफावतीत भागवून नेतो, म्हणूनच आयोजकांना खोलीत काही बिघडले आहे हे जाणवत नाही. तेव्हा पहिला नियम असा करावा की मंडळात कोणीही मायक्रोफोनशिवाय बोलणार नाही. ‘माझा आवाज मोठा आहे, मला माइक लागत नाही,’ असे म्हणणारा वक्ता प्रत्येक कार्यक्रमात भेटतो. त्याला नम्रपणे पण ठामपणे माइक हातात द्यावा. श्रोत्यांतून प्रश्न आला तर तोही माइकवरून विचारला जावा आणि ते शक्य नसेल तर वक्त्याने उत्तर देण्यापूर्वी प्रश्न पुन्हा उच्चारावा. हा दुसरा नियम सर्वाधिक मोडला जातो आणि मागे बसलेल्या माणसाला अर्धे व्याख्यान कळून चर्चा मुळीच न कळण्याचे कारण तेच असते.

खोलीच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगते. कमी ऐकणाऱ्यांचा पहिला मेळावा मी भरवला, तेव्हा मोठ्या उत्साहाने पन्नास मिनिटे बोलले. माइक होता, फळा होता, सगळे शांत होते. शेवटी पहिल्या रांगेतल्या एक वृद्ध बाई उठून म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचा चेहरा काळा दिसत होता.’ मी खिडकीकडे पाठ करून उभी होते. मागून ऊन येत होते आणि माझे ओठ कोणालाच दिसत नव्हते. ज्या विषयावर मी बोलत होते, तीच चूक मी तासभर करत होते. कमी ऐकणारा प्रत्येक माणूस, त्याला स्वतःला माहीत असो वा नसो, थोडेफार ओठ वाचतच असतो. वक्त्याचा चेहरा उजेडात असला पाहिजे, त्याने तोंडासमोर कागद धरता कामा नये आणि फळ्याकडे वळून बोलता कामा नये. ओठ वाचून सगळे समजते हा मात्र गैरसमज आहे. ‘पाठ’, ‘भाट’ आणि ‘माठ’ हे तीन शब्द आरशासमोर आवाज न करता उच्चारून पाहावेत. ओठांवर ते जवळजवळ सारखेच दिसतात. क, ख, ग, ह तर घशाकडे तयार होत असल्यामुळे दिसतच नाहीत. कान जे गाळतो त्यातले थोडे डोळा भरून काढतो, इतकेच.

म्हणून जे कानाला आणि डोळ्याला दोन्हीकडून निसटते, ते लिहून द्यावे. व्याख्यानाचा विषय, विशेषनामे, तारखा आणि आकडे फळ्यावर आधीच लिहिलेले असले की ऐकणाऱ्याचे ताडण्याचे काम निम्म्याने हलके होते. बोलणे ऐकून त्याच क्षणी अक्षरांत उमटवणारी मोफत अ‍ॅप आता साध्या फोनवर चालतात. पडद्यावर ती अक्षरे दाखवता येतात. ती चुका करतात, नावे हमखास बिघडवतात, आणि माइक दूर असेल तर निरुपयोगी ठरतात. तरीही माइकचा आवाज सरळ त्या फोनला दिला तर काम बऱ्यापैकी होते. महत्त्वाच्या सभेसाठी, जेथे मतदान किंवा पैशांचा हिशेब आहे तेथे, टंकलेखन जलद येणारा एखादा सभासद बसवावा. यंत्राने ‘नाही’ गाळले तर ठरावाचा अर्थ उलटा होतो.

आपल्याकडे थोडा निधी उरला असेल तर इंडक्शन लूपचा विचार करावा. दालनाच्या कडेने एक तार फिरवलेली असते, माइकचा आवाज एका अ‍ॅम्प्लिफायरमधून त्या तारेत जातो आणि दालनात चुंबकीय क्षेत्र तयार होते. श्रवणयंत्रातली टी-कॉइल नावाची बारीक गुंडाळी ते क्षेत्र पकडते. यंत्राचा स्वतःचा माइक त्या वेळी बंद ठेवता येतो, त्यामुळे खोकला, पंखा, प्रतिध्वनी हे सगळे बाहेर राहते आणि वक्ता जणू कानाशी येऊन बोलतो. मी पहिल्यांदा लूप बसवलेल्या दालनात एका गृहस्थांना टी-कॉइल सुरू करून दिली, तेव्हा ते मागे वळून पाहू लागले, कारण एवढ्या जवळून कोण बोलते आहे हे त्यांना कळेना. यात तीन सावधगिऱ्या आहेत. तार टाकण्यापूर्वी जागेची मोजणी करून घ्यावी, कारण विजेच्या तारांची गुणगुण आणि जमिनीतले लोखंड लूप बिघडवतात. अनेक लहान यंत्रांत टी-कॉइल नसते, म्हणून सभासदांकडे ती आहे का, हे आधी विचारून घ्यावे. आणि असूनही ती सुरू केलेली नसते. यंत्र बसवताना टी-कॉइलचा प्रोग्रॅम यंत्रात घालावा लागतो, आणि आमच्या व्यवसायातले बरेच जण तेवढी तसदी घेत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. सभासदांनी यंत्र देणाऱ्याकडे जाऊन ‘टी-कॉइल सुरू करून द्या’ एवढे स्पष्ट शब्दांत सांगावे. ब्लूटूथवरून एकाच वेळी अनेकांच्या यंत्रांत आवाज सोडणारी ऑराकास्ट ही नवी पद्धत २०२२ मध्ये जाहीर झाली असून पुढे ती लूपची जागा घेईल असे दिसते. आज आपल्या सभासदांच्या जुन्या यंत्रांना तिचा उपयोग नाही.

आता खिशातल्या यंत्रांकडे येऊ. यंत्र न वापरण्याला घरचे लोक हट्ट म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक वर्षभराने माझ्याकडे आले आणि यंत्र टेबलावर ठेवून म्हणाले, ‘हे परत घ्या, याने काही फरक पडत नाही.’ मी भिंगातून पाहिले तर आवाज कानात सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी मोहरीएवढ्या मळाचा बोळा बसला होता. तो काढायला मला अर्धे मिनिट लागले. म्हणजे त्या सज्जन माणसाने कितीतरी महिने कानात एक बंद बूच घालून काढले, आणि दोष मात्र त्यांच्या चिकाटीला दिला गेला. त्यांना मळ काढायला मी शिकवले नव्हते, आणि एका महिन्याने परतही बोलावले नव्हते. त्या दिवसानंतर मी माझी पद्धत बदलली.

मंडळाला करता येण्याजोगी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सेवा म्हणून मी ‘यंत्राचे टेबल’ सुचवते. महिन्यातून एकदा, कार्यक्रमाच्या आधी तासभर, चांगल्या उजेडात एक टेबल मांडावे. त्यावर मऊ ब्रश, मळ काढण्याची बारीक तार, सेल तपासण्याचे छोटे उपकरण, भिंग आणि सिलिका जेल ठेवलेली ओलावा शोषणारी डबी असावी. दोन सभासदांनी एखाद्या श्रवणतज्ज्ञाकडे बसून हे काम शिकून घ्यावे. पहिली तपासणी अगदी साधी आहे: यंत्र सुरू करून मुठीत धरावे. शिट्टी वाजली तर यंत्राला जीव आहे असे समजावे, मात्र काही नव्या यंत्रांत शिट्टी दाबण्याची सोय असल्यामुळे न वाजणे म्हणजे बिघाडच असे नव्हे. शिट्टी वाजली नाही तर आधी सेल पाहावा, मग मळ. कानाचा साचा, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला भाग, असेल तर तो यंत्रापासून सोडवून साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडावा. यंत्राला पाणी लागू देऊ नये. नळी पिवळी आणि कडक झाली असेल तर ती बदलण्याची वेळ झाली आहे.

सेलविषयी निम्म्या लोकांना ठाऊक नसते की ते हवेवर चालतात. झिंक-एअर सेलच्या पाठीवर रंगीत पट्टी असते. १० क्रमांकाला पिवळी, ३१२ ला तपकिरी, १३ ला नारिंगी आणि ६७५ ला निळी. पट्टी काढली की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो, म्हणून पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मगच तो यंत्रात बसवावा. एकदा काढलेली पट्टी पुन्हा चिकटवून सेल वाचत नाही. हातात कंप असलेल्या किंवा नजर कमी झालेल्या सभासदांसाठी चार्जिंगची यंत्रे सोयीची पडतात. आणि घरात लहान मूल असेल तर हे चपटे सेल त्याच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवावेत, कारण गिळल्यास तो जिवावरचा प्रसंग असतो.

यंत्र ठीक असूनही न वापरण्याचे कारण अपेक्षा हे असते. चष्मा लावला की त्याच क्षणी दिसते, म्हणून यंत्राकडूनही तसेच वाटते. पण ज्या मेंदूने आठ-दहा वर्षे भांड्यांचा आवाज, पानांची सळसळ, स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकलेला नाही, त्याला ते सगळे एकदम परत मिळाले की तो गांगरतो. सुरुवातीला शांत खोलीत एका माणसाशी बोलताना दिवसातून दोन-तीन तास, मग घरच्या जेवणात, आणि शेवटी सभेत अशी चढती सवय लागायला काही आठवडे जातात. कित्येकांच्या बाबतीत महिने जातात. दुर्दैवाने बहुतेक जण पहिल्याच दिवशी यंत्र घालून समारंभाला जातात, डोके दुखून परत येतात आणि यंत्र कपाटात ठेवतात. तेथे ज्याने हा काळ पार केला आहे असा दुसरा सभासद जे सांगू शकतो, ते मी पांढरा कोट घालून सांगू शकत नाही.

म्हणूनच यंत्राच्या टेबलाबरोबर एक लहान गट असावा. आठ-दहा जण, वर्तुळात खुर्च्या, एका वेळी एकच बोलणारा आणि बोलण्यापूर्वी हात वर. दर पाऊण तासाने विश्रांती घ्यावी, कारण ताणून ऐकणे हे श्रमाचे काम आहे आणि थकवा आला की यंत्र कितीही चांगले असले तरी समजणे कमी होते. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत हॉवर्ड स्टोन या स्वतः कमी ऐकणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्याने १९७९ मध्ये याच विचाराने स्वमदत संघटना सुरू केली, आणि कमी ऐकणाऱ्यांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ त्याआधी १९७७ मध्ये स्थापन झाला होता. गटाच्या पहिल्या बैठकीत भाषण ठेवू नये. ‘गेल्या महिन्यात न ऐकू आल्यामुळे झालेला एक घोटाळा सांगा,’ एवढेच विचारावे. सुरुवातीला हसे होते, आणि मग तास पुरत नाही.

महिन्याआड एखाद्या बैठकीला जोडीदाराला किंवा मुलाला बोलवावे. घरातली सर्वांत दुखावणारी वाक्ये मी गटांमध्ये विचारली आहेत, आणि उत्तर जवळजवळ नेहमी एकच येते: ‘जाऊ दे, काही विशेष नाही.’ सगळे हसतात, आजोबा विचारतात ‘काय झालं?’, आणि सून चांगल्या मनाने म्हणते, ‘जाऊ दे बाबा, काही विशेष नाही.’ तिच्या दृष्टीने ती त्रास वाचवत असते. आजोबांच्या दृष्टीने त्यांना त्या क्षणी घरातून वगळलेले असते. विनोद शिळा झाला तरी दोन वाक्यांत सांगावा. न समजलेले वाक्य तसेच तीनदा न म्हणता वेगळ्या शब्दांत मांडावे, कारण जो शब्द दोनदा निसटला तो तिसऱ्यांदाही निसटतो. बोलण्याआधी नाव घेऊन लक्ष वेधावे, दुसऱ्या खोलीतून बोलू नये आणि टीव्ही बंद करावा. ओरडू नये, किंचित सावकाश बोलावे. दवाखान्यात डॉक्टरांनी रुग्णाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलाने परस्पर देण्याची सवयही याच बैठकीत मोडून काढावी. ऐकणाऱ्याचीही काही जबाबदारी आहे. समजल्याचे सोंग न करणे ही त्यातली पहिली, आणि नुसते ‘काय?’ न म्हणता ‘तारीख कळली, वेळ कळली नाही,’ असे नेमके विचारणे ही दुसरी.

वैद्यकीय बाजूविषयी थोडक्यात, पण याकडे दुर्लक्ष होऊ नये. पंधराही सभासदांची कान-नाक-घसा तपासणी आणि श्रवण-आलेख, म्हणजे कोणत्या पट्टीतले किती ऐकू येते याची नोंद, झालेला असावा, कारण एखाद्याचा दोष केवळ साचलेल्या मळाचा किंवा पडद्यामागच्या पाण्याचा असतो आणि तो उपचाराने जातो. मळासाठी कानात काडी किंवा गरम तेल घालू नये. एका कानाने अचानक, म्हणजे तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणे खूप कमी झाले तर ते ‘सर्दीने कान बंद झाला’ म्हणून सोडून देऊ नये. त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. या आजारावर स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो पहिल्या दोन आठवड्यांत होण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि माझ्याकडे लोक दोन महिन्यांनी येतात. एकाच कानात सतत आवाज येणे, कानातून स्राव, चक्कर ही लक्षणेही वेळ न घालवता दाखवावीत.

स्मृतिभ्रंशाची भीती घालून यंत्र विकण्याचा प्रकार अलीकडे वाढला आहे, म्हणून तेही सांगते. श्रवणदोष आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. परंतु २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अचीव्ह या अमेरिकेतील तीन वर्षांच्या चाचणीत, ९७७ ज्येष्ठांच्या संपूर्ण गटात श्रवणयंत्रांमुळे आकलनशक्तीच्या घसरणीत लक्षणीय फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका अधिक होता, त्या उपगटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. यावरून ‘यंत्र घेतले नाही तर विसरभोळे व्हाल’ असे कोणालाही सांगता येत नाही. यंत्र घ्यावे ते नातवाचे बोलणे कळावे म्हणून, आणि ते कारण पुरेसे आहे.

एकट्या राहणाऱ्या सभासदांसाठी मंडळाने घरातल्या सूचनांकडेही पाहावे. दाराच्या घंटेबरोबर लुकलुकणारा दिवा, उशीखाली थरथरणारे गजराचे घड्याळ आणि आगीची सूचना या तीन गोष्टी आधी. नेहमीचा धुराचा भोंगा सुमारे ३००० हर्ट्झचा, म्हणजे नेमका ज्येष्ठांना ऐकू न येणाऱ्या पट्टीतला असतो, आणि झोपताना यंत्र काढलेले असते. ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला भोंगा झोपलेल्यांना अधिक चांगला जागवतो. तो मिळत नसेल तर पलंग हलवणारे उपकरण जोडावे. मंडळाचे निरोप केवळ फोन करून न देता लेखी संदेशानेही द्यावेत, हे तर उद्यापासून विनाखर्च करता येईल.

शेवटी त्या जोडप्याविषयी. आतापर्यंत मी जे लिहिले त्यातले बहुतेक त्यांच्या उपयोगाचे नाही, आणि त्यांना या पंधराजणांच्या गटात बसवणे ही चूक ठरेल. उतारवयात ऐकणे गमावलेल्या माणसाची भाषा आपलीच असते, ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही एवढेच. या दोघांची पहिली भाषाच वेगळी आहे, तिला स्वतःचे व्याकरण आहे आणि ती हातवाऱ्यांनी केलेले आपल्या भाषेचे भाषांतर नाही. जगात अशा तीनशेहून अधिक खुणांच्या भाषा आहेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात त्यांना मान्यता आहे. मूकबधिर हा शब्द वापरू नये, कारण ते मुके नसतात. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांत खुणांऐवजी तोंडी बोलण्यानेच शिकवावे असा ठराव केला, आणि त्यानंतर कितीतरी पिढ्यांच्या मुलांना वर्गात हात हलवल्याबद्दल शिक्षा झाल्या. तो ठराव त्याच मालिकेतल्या व्हँकूवरच्या परिषदेने २०१० मध्ये फेटाळला. ‘थोडे बोलायचा प्रयत्न करा ना,’ असे कोणी प्रेमाने म्हटले की या पिढीतले कर्णबधिर लोक का आक्रसतात, ते यावरून लक्षात येईल.

त्यांना काय हवे आहे हे त्यांनाच लिहून विचारावे. ते दुभाषी मागतील अशी माझी अटकळ आहे. कार्यक्रम तासाहून मोठा असेल तर दोन दुभाषी लागतात, कारण दर वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून काम केले नाही तर अचूकता घसरते. नातेवाइकाला किंवा ऐकू येणाऱ्या मुलाला दुभाषी म्हणून उभे करू नये. दुभाष्याची जागा वक्त्याच्या शेजारी, उजेडात असावी आणि या दोघांच्या खुर्च्या त्यांना दोघेही एकाच नजरेत दिसतील अशा मांडाव्यात. त्यांच्याशी बोलताना दुभाष्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहावे. व्याख्यानाचा मजकूर आणि त्यातली नावे दुभाष्यांना दोन दिवस आधी पाठवावीत. आणि पाच-सहा सभासदांची तयारी असेल तर त्या जोडप्यालाच आठवड्यातून एकदा खुणांचा वर्ग घ्यायला सांगून पाहावे. मात्र त्या शिकवणीचे मानधन त्यांना द्यावे.